सांगा, मी येईन

१

सन दोन हजार चोवीस. नोव्हेंबर महिना, कार्तिकाचा कृष्णपक्ष. सोलापुरात थंडी म्हणावी अशी अजून पडली नव्हती. पण सकाळी उन्हाकडे पाठ करून बसावेसे वाटू लागले होते आणि बाजारात बोरांचे ढीग दिसू लागले होते.

जुळे सोलापूर या वस्तीतल्या एका बैठ्या घरात अक्षता एकटी राहत असे. वय बत्तीस, लग्न झालेले नाही. आईला जाऊन बरीच वर्षे लोटलेली, आणि वडील, म्हणजे आप्पा, गेल्या साली गेलेले. मोबाइलसाठी ॲप तयार करणे हा तिचा व्यवसाय. वर साहेब नाही, हाताखाली कोणी नाही. कल्पना तिची, बांधणी तिची, आणि चुकले तर बोल लावून घेणारीही तीच. दूधवाल्याने पिशवी दाराला अडकवून जावे, भाजी मोबाइलवरून मागवावी, पैसेही मोबाइलवरूनच चुकते करावेत. असे दिवसचे दिवस तिचा घसा वापरावाचून पडून राही. मग एखादा फोन आला की पहिला शब्द घोगरा निघे आणि पलीकडचा विचारी, "झोपली होतीस का?"

तिच्या ॲपचे नाव होते 'नळ आला'. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येते, आणि आले की घरोघर एकच धांदल उडते. पूर्वी ज्याच्या नळाला आधी धार लागे, तो शेजाऱ्याला हाक मारी. अक्षताने ती हाक मोबाइलमध्ये घातली. ज्याला पाणी आले त्याने पडद्यावरच्या थेंबावर बोट ठेवायचे, की त्या गल्लीतल्या सगळ्या फोनांत घंटी वाजे. कोणी कोणाच्या दाराशी जाण्याचे कारण उरले नाही. लोकांनी ॲप घेतले, वापरले, आणि हाक मारणाऱ्याला विसरावे तसे तिला विसरले.

पुण्याहून तिचा थोरला भाऊ गुरुशांत दर रविवारी फोन करी. त्या महिन्यात तो सरळ मुद्द्यावर आला.

"अक्षू, आप्पा गेले. आता त्या घरात तू कुणासाठी बसलीयेस?"

"काम करते, अण्णा."

"काम पुण्यातही होतं. काँप्युटरला गाव नसतं."

"इथं माझी माणसं आहेत."

"कोण? नाव सांग की एखादं."

गुरुशांत स्वभावाने दुष्ट नव्हता. काळजीने कठोर झालेला होता. तो म्हणाला, "हे बघ. संक्रांतीला मी गड्ड्याच्या जत्रेला येतो. तोवर मला एक माणूस दाखव. एकच. चार दिवस तू दिसली नाहीस तर 'पोरगी कुठं गेली' म्हणून विचारेल असं. दाखवलंस तर घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर घर विकायचं आणि तू आमच्याकडं यायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माणूस शोधत बसली. सापडले नाही.

२

ज्याला माणूस सापडत नाही तो कामात डोके घालतो. आपले ॲप शेकडो घरांत आहे. त्या घरांतून कोणीतरी आपल्याशी बोलेल, असा विचार करून अक्षताने ॲपमध्ये एक नवे पान जोडले. वापरणाऱ्याने आपले मत द्यावे, अडचण कळवावी. लिहिता येत नसेल तर बोलून कळवावे, अशी सोय केली. पानाच्या माथ्यावर तिने लिहिले, "काय खटकते ते सांगा." वाक्य तिला कोरडे वाटले. पत्राच्या शेवटी आपण 'कळावे' लिहितो, त्यात जेवढा अर्थ असतो तेवढाच मनात धरून तिने पुढे दोन शब्द जोडले: "मी येईन."

कोणाकडे जाण्याचा तिचा विचार नव्हता. परक्या घरी जाऊन बसणे तिला लहानपणापासून अवघड वाटे.

मते येऊ लागली. कोणी नुसता अंगठा पाठवला, कोणी "छान" असे म्हटले, एकाने "लाईट गेल्याचंही कळवत जा" अशी मागणी केली. अक्षता एकेक वाची, उत्तर लिही, आणि त्या दिवसापुरते कोणाशी बोलल्याचे समाधान मानी.

मग धनलक्ष्मी नावाच्या बाईंचे मत आले.

"ताई परवा घरी येऊन गेलात बरं वाटलं. एक सांगायचं राहून गेलं. घंटी फार बारीक वाजते. आमच्या लूमच्या आवाजात कळत नाही."

अक्षताने ते दोनदा वाचले. ती परवा कोठेच गेली नव्हती. बाईंचा घोटाळा झाला असावा, असे तिने ठरवले. घरोघर हिंडणाऱ्या बाया काय थोड्या असतात? कोणी पोलिओची, कोणी बचत गटाची, कोणी विम्याची. त्यांतल्या कोणा एकीला बाईंनी ॲपवाली समजले असेल. तिने उत्तर लिहिले, "धन्यवाद. आवाज मोठा करते." घोटाळा दुरुस्त करण्याचे तिने टाळले. बाईंना बरे वाटले होते. ते उगाच कशाला हिरावून घ्या.

पण त्या आठवड्यात तशी आणखी मते आली, शहराच्या निरनिराळ्या भागांतून, एकमेकांची ओळख असण्याचे कारण नाही अशा माणसांची. "तुम्ही गेल्यावर सासूबाई तुमचंच बोलत होत्या." "तुम्ही म्हणालात तसं फोन खिडकीत ठेवला, आता घंटी लगेच वाजते." "परत कधी येताय? या वेळी जेवूनच जा." ॲपमध्ये काय खटकते, हे त्यांतल्या कोणीच धडपणे सांगितले नव्हते. सगळे सांगत होते ते तिच्याविषयी. आणि ती तर घरात होती.

३

संशय आला की त्याचा छडा लावावा, अशी आप्पांची शिकवण. डिसेंबर उजाडताच अक्षता धनलक्ष्मीबाईंचा पत्ता शोधत अशोक चौकापलीकडे गेली. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. बाईंच्या घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. मधल्या जागेत टॉवेलांच्या चळती. बाई पंचेचाळिशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात घड्या घालण्यात गुंतलेले.

अक्षताने दाराशी उभे राहून "मी..." एवढेच म्हटले होते.

"रा अम्मा, रा!" धनलक्ष्मीबाई न उठताच ओरडल्या. "उभ्या काय राहता पाहुण्यासारख्या? तुमची जागा रिकामीच आहे की."

त्यांनी हनुवटीने दाखवलेल्या जागी टॉवेलांचा एक गठ्ठा होता. मधोमध दबलेला, कोणी बराच वेळ बसून उठले की दबतो तसा.

अक्षता बसली नाही. आवाज चढवून तिने विचारले, "बाई, मी याआधी तुमच्याकडे आले होते?"

धनलक्ष्मीबाई खळखळून हसल्या. "चेष्टा करता होय गरिबाची? त्या रविवारची अख्खी दुपार बसला होतात. माझ्या नवऱ्याला म्हटलं, बघा, बाईनं लिहिलं होतं मी येईन, आणि आली. आजकाल कोण येतं हो? मेल्याशिवाय माणूस दाराला येत नाही." मग एक टॉवेल तिच्याकडे भिरकावून म्हणाल्या, "चला, हात चालवा. त्या दिवशी माझ्यापेक्षा भराभर घातल्या घड्या."

अक्षताने घडी घालून पाहिली. काठाला काठ जुळेना. बाईंनी ती घडी उकलली, पुन्हा नीट घातली, आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"बरं नाही का आज? हात का चालत नाही तुमचा?"

"थोडी कणकण आहे," अक्षता म्हणाली आणि निघाली.

त्या रविवारी दुपारी ती घरी झोपली होती. जाग आली तेव्हा दाराची कडी आतून होती तशीच होती, पट्ट्याच्या चपला कोपऱ्यात होत्या त्याच जागी होत्या. झोपेत चालणारी माणसे असतात, हे तिने ऐकले होते. पण झोपेत कोणी सारे गाव ओलांडून टॉवेलाच्या घड्या शिकत नाही. तेव्हा कोणीतरी लबाड बाई आपले नाव सांगत फिरते, हाच एक बुद्धीला पटणारा निष्कर्ष. फक्त तिला एक कोडे सुटेना. लबाड माणूस काहीतरी घेऊन जातो. या बाईने कोणाचे काय नेले होते?

४

चंद्रव्वाचे मत बोललेले होते. बाळीवेशीत एका खोलीत राहणारी ही म्हातारी विधवा. लेक दुधनीला दिलेली, ती सणावारी येणार. खानावळीला कडक भाकऱ्या थापून देणे हा तिचा उद्योग. फोन लेकीने दिलेला, आणि त्यात बोलायचे म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारायची, अशी तिची समजूत.

"अगं अक्षता! आज का आली न्हाईस? भाकरी ठेवलीया तुजी. वाळून चालली की गं!"

अक्षताने ते बोलणे पुन्हा ऐकले, पुन्हा ऐकले. तिसऱ्या खेपेला तिच्या ध्यानात आले की आपले डोळे भरून आले आहेत. गुरुशांतने मागितलेले माणूस ते हेच होते. पोरगी कुठे गेली म्हणून विचारणारे.

ती त्याच दुपारी गेली. अरुंद गल्ली, उघडे दार, आत चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत आणि भाकऱ्यांची चवड.

"बा गं, कुंद्र," म्हणत चंद्रव्वाने पाट सरकवला. कन्नड आणि मराठी तिच्या तोंडात हातात हात घालून चालत. "किती वाट बगायची मानसानं? ह्यो घे च्या. साकर न्हाय घातली, भिऊ नगंस."

अक्षता चहा बिनसाखरेचाच पीत असे. तिने कपाला हात लावला आणि मनाशी म्हटले, म्हातारीला मधुमेह असेल. घरात साखर नसेलच.

"आजी, मी आधी आले होते तेव्हा काय काय बोलले?"

"काय बोलली न्हाईस ते इचार!" चंद्रव्वा भाकरी उलथत म्हणाली. मग हात थांबवून तिने मान वळवली, आणि तिचा आवाज खाली आला. "एक सांगू का, बाय? सांजच्या पारी बापाचा फोन वाजवीत बसू नगंस. जीव झुरतो. तसं वाटलं की मला लावत जा. म्या हाय की हितं."

अक्षताच्या हातातला कप खाली टेकला.

आप्पांचा मोबाइल कपाटात होता. त्याचे रिचार्ज ती न चुकता करी. संध्याकाळी घर फार गप्प झाले की ती आपल्या फोनवरून तो लावी. कपाटात आप्पांच्या धोतरांमध्ये घंटी वाजे, आणि घरात कोणाची तरी आठवण कोणाला तरी झाली आहे असे तेवढ्यापुरते वाटे. हे तिने भावाला सांगितले नव्हते. देवापुढे उभे राहूनही कधी उच्चारले नव्हते.

येथे तिने उठून सांगायला हवे होते की आजी, ती मी नव्हे. शब्द जिभेवर आलेही. पण म्हातारीचा पिठाचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. त्या हाताखालून अंग काढून घेणे तिला जमले नाही.

"बरं, आजी," ती म्हणाली. "तुम्हालाच लावत जाईन."

५

त्यानंतर अक्षता बाळीवेशीला वरचेवर जाऊ लागली. ॲपचे निमित्त असे. घंटी ऐकू येते का, थेंबावर बोट नीट पडते का. चंद्रव्वा मोबाइलकडे पाहतसुद्धा नसे. ती बोले लेकीविषयी, खानावळवाल्याच्या खोडीविषयी, शेंगाचटणीत लसूण किती घालावा याविषयी. आणि अक्षता ऐके. जन्मात पहिल्यांदा तिला परक्या घरी बसणे अवघड वाटेनासे झाले. चोरीच्या पांघरुणालाही ऊब असतेच.

मात्र ती केव्हाही गेली तरी दुसरी तिच्या आधी येऊन गेलेली असे.

सकाळी गेली तर चंद्रव्वा म्हणे, "काल सांजंला किती हसवलंस गं मला!" दुपारी गेली तर, "सकाळीच तर भाकऱ्या मोजू लागलीस की." एकदा ती उजाडताच जाऊन पोचली, तर दाराशी सडा घातलेला, रांगोळी रेखलेली. चंद्रव्वा कौतुकाने म्हणाली, "रांगोळी लई झ्याक काडलीस. आता पुन्यांदा कशापायी आलीस? काय इसरलं व्हय?" अक्षताला रांगोळी येत नसे.

आणि हळूहळू तुलना सुरू झाली. "आज गप गप हायस." "आज त्वांड का उतरलंय?" "काल कशी चपचप हात चालत हुता, आज निस्ती बसलीस पाटावर!" चंद्रव्वा हे थट्टेने म्हणे. पण अक्षता घरी परतल्यावर एकेक वाक्य घेऊन बसे, जसे पूर्वी मते घेऊन बसे. लोकांना काय खटकते, हे तिने आपण होऊनच विचारले होते. आता ते तिला कळत होते. खटकत होती ती.

६

डिसेंबर सरत आला तसा तिने एक साधा उपाय योजला. जाण्याआधी फोन करायचा. म्हातारी घरी एकटी आहे याची खात्री करायची, आणि ती लबाड बाई तेथे असलीच तर तिला हटकायचे. दिवसाढवळ्या, चार शेजारणींच्या देखत.

दुपारच्या वेळी तिने बाळीवेशीच्या चौकात उभे राहून फोन लावला.

"कोन बोलतंय?"

"आजी, मी अक्षता."

पलीकडे तव्यावर उलथणे घासल्याचा आवाज आला. मग चंद्रव्वाचे हसू.

"कोन अक्षता? अक्षता तर म्होरं बसलीया माज्या. वांगी चिरतीया."

अक्षताने फोन कानाशी घट्ट दाबला.

"घे गं," चंद्रव्वा कोणाला तरी म्हणत होती, "कोनतरी तुजंच नाव सांगतंय. तूच बोल."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बांगडी फोनावर आपटल्याचा बारीक आवाज झाला. त्यानंतर श्वास. घाईचा नव्हे, घाबरल्याचा नव्हे. समोरचे माणूस बोलेपर्यंत आपण थांबावे, इतक्या शांतपणे चाललेला श्वास. ॲप तयार करणाऱ्याने वापरणाऱ्याचे ऐकावे कसे, याविषयी अक्षताने पुष्कळ वाचले होते. मध्ये तोंड घालू नये, समोरच्याला वेळ द्यावा, म्हणून. पलीकडचे माणूस तसे ऐकत होते.

अक्षताने फोन बंद केला. चंद्रव्वाची गल्ली तेथून हाकेच्या अंतरावर होती. ती त्या गल्लीत गेली नाही. का गेली नाही, याची तिने घरी येऊन स्वतःला बरीच कारणे दिली. खरे कारण त्यांत नव्हते. बांगडीचा आवाज तिच्या ओळखीचा होता. आईची एकुलती एक पाटली अक्षता उजव्या हातात घाली, आणि फोन उचलताना ती नेहमी अशीच आपटे.

७

दोन दिवसांनी ती गेली तेव्हा चंद्रव्वा रागाने फणफणत होती.

"ऐक अक्षता! परवा कोन सटवी तुजं नाव सांगून फोन करत हुती. म्या काय दूधखुळी हाय व्हय? तू म्होरं बसलेली! तुला फोन दिला तर गप झाली, ठेवून दिला. आसली मानसं घरात शिरत्यात बग, गोड गोड बोलून."

अक्षता पाटावर बसली होती. चहा पुढे होता, बिनसाखरेचा. म्हातारीचे डोळे तिच्यावर खिळले होते. आता ही काय म्हणते, याची वाट पाहत. सत्य सांगायची वेळ होती ती हीच. पण सत्य सांगायचे म्हणजे, परवाची सटवी मी. ज्या मुलीवर तुम्ही जीव लावलात ती दुसरीच. मग संक्रांतीला गुरुशांतला दाखवायला काय उरणार? बंद दार. आणि तिच्या मनाला एक लोभी विचार शिवला: म्हातारीने आजपासून एकाच अक्षताला आत घ्यायचे ठरवले, तर ती एक आपण असू. आत्ता पाटावर आपण आहोत.

"होय आजी," ती म्हणाली. "सावध राहा. माझं नाव सांगून दुसरं कोणी दाराशी आलं, तर आत घेऊ नका. कितीही सारखं दिसलं तरी."

"न्हाय घेत," चंद्रव्वाने तिच्या हातावर हात मारून वचन दिले. "मेले तरी न्हाय घेत. बरं, भोगीला काय करतीस? जेवाय ये. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. तुजा भाऊ येनार म्हनत हुतीस न्हवं? त्याला बी आन."

भाऊ येणार असल्याचे अक्षताने तिला कधी सांगितले नव्हते. पण हे आता नवे नव्हते. तिने मान हलवली.

त्या रविवारी फोनवर ती म्हणाली, "अण्णा, आहे एक माणूस."

"खरं?" गुरुशांतच्या आवाजातला आनंद निर्मळ होता. "पत्ता दे. भोगीला सकाळच्या गाडीनं येतो. पोटभर जेवीन आणि घराचं नाव काढणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

८

भोगीच्या दिवशी अक्षता आवरून स्टेशनवर जायला निघणार, एवढ्यात गुरुशांतचा फोन आला. गाडी लवकर पोचली होती. "तू कशाला हेलपाटा घालतेस? पत्ता आहे माझ्याकडे. मी रिक्षानं सरळ बाळीवेशीला जातो, तू तिकडंच ये."

तिने घराला कुलूप घातले आणि रिक्षा केली. पण गड्ड्याचे दिवस. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद केलेले, पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या माणसांचे लोंढे, हलगीचा कडकडाट. रिक्षावाल्याने तिला अलीकडेच उतरवले. उरलेली वाट ती गर्दीतून अंग चोरत चालली. काळजात एकच गोष्ट: आपण आधी पोचायला हवे.

चंद्रव्वाच्या उंबऱ्याबाहेर गुरुशांतचे तपकिरी बूट होते. त्यांच्या शेजारी बायकी चपला, पट्ट्याच्या, डाव्या पायाचा अंगठा झिजलेल्या. अक्षताने खाली पाहिले. तिच्या पायांत तशाच चपला होत्या. डाव्या पायाचा अंगठा झिजलेल्या.

दार लोटलेले होते. आतून तिळाचा खमंग वास आणि भावाचे मोठ्याने हसणे येत होते. इतके मोकळे हसताना तिने त्याला आप्पा असतानाच ऐकले होते. तिने दारावर थाप मारली.

चंद्रव्वा आली. दार वीतभर उघडून त्या फटीत उभी राहिली.

"कोन पायजे तुमास्नी?"

"आजी, मी अक्षता."

म्हातारी रागावली असती, ओरडली असती, तर अक्षताला बळ आले असते. चंद्रव्वा रागावली नाही. तिने तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिले, आणि जी माया रोज पाठीवरून फिरे तिचा मागमूसही त्या नजरेत नव्हता. होती ती निव्वळ परक्याविषयीची माणुसकी.

"घर चुकलं असंल बाई तुमचं. आमची अक्षता आत जेवाय बसलीया, भावासंगट. तिनं सांगून ठेवलंय मला, दुसरं कोन आलं तर घ्यायचं न्हाय." मग थोडी विरघळून, "सनाचा दिस हाय. उपाशी नका जाऊ. भाकरी देऊ का बांधून?"

"आजी, तुम्हाला ते मीच सांगितलं. पाटावर बसून. मीच..."

"व्हय व्हय," चंद्रव्वा समजूत घातल्यासारखी म्हणाली आणि भाकरी बांधायला आत वळली. ती वळली तशी फट रुंद झाली.

भिंतीला टेकून गुरुशांत बसला होता, ताटावर ओणवा. त्याच्या समोर, दाराकडे पाठ करून, एक बाई बसली होती. एक वेणी, मानेवर सुटलेले केस, डावा खांदा किंचित पडलेला, दिवसभर काँप्युटरपुढे बसणाऱ्याचा पडतो तसा. उजव्या हाताने ती त्याच्या ताटात चटणी वाढत होती. पाटली मनगटावरून घसरून खाली आली होती.

"अण्णा," अक्षताने हाक मारली.

गुरुशांतने मान वर केली. त्याने तिच्याकडे पाहिले. दारात कोणी अनोळखी बाई आली की भल्या घरचा पुरुष पाहतो तसे, क्षणभर, अदबीने. आणि नजर खाली घेतली. मग समोरच्या बाईला म्हणाला, "तुझं खरं होतं, अक्षू. इथं तुला विचारणारं माणूस आहे. घर राहू दे. मी पुन्हा विषय काढणार नाही."

वाढणारा हात थांबला. ती मान हळूहळू, घाई न करता, दाराकडे वळू लागली. आधी कानाची पाळी दिसली, मग गालाची कड.

अक्षताने दोन्ही हातांनी दाराची कडी धरली आणि दार स्वतःच बाहेरून ओढून घेतले.

अशा रीतीने तेरा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी, भोगीच्या दिवशी, भर दुपारी त्या प्रकरणाचा निकाल लागला, आणि तो अक्षताच्या मनासारखा लागला. घर राहिले, माणूस मिळाले, भावाचा शब्द राहिला.

गल्लीत त्याच वेळी नळांना पाणी आले. दारोदारच्या फोनांत घंट्या वाजू लागल्या, बायका घागरी घेऊन बाहेर पडल्या. वाट अडवून उभ्या असलेल्या बाईला एकीने कोपराने हलकेच बाजूला सारले आणि विचारले, "कुणाकडं आलाय, बाई?"

तिच्या ओठांवर एक नाव आले. पण त्या नावाचे माणूस आत जेवत होते.